पत्रकावरचं नाव

शिंपीणबाई दुकानाची कार्डं न्यायला छापखान्यात आल्या, तर मशीन अडलेलं. त्या बाकावर टेकल्या. शेजारी दवाखान्यातली नर्स आणि तिचा धाकटा भाऊ निवडणुकीच्या पत्रकावरून हुज्जत घालत होते. बाईंनी मान वळवली, पण कान कसे वळवणार?

"आपा, पक्षवाले म्हणतात ते बरोबर आहे. नुसतं 'आपल्या नर्सबाई' छापू."

"का? माझ्या नावाला काय झालं?"

"मुसलमानाचं नाव दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत."

"वीस वर्षं याच गल्ल्यांत मुलांना लस टोचतेय. कुणी नाव विचारलं नाही."

"तेव्हा तू मतं मागत नव्हतीस."

नर्सनं पत्रकाचा कागद त्याच्या हातातून ओढून घेतला, तसा भाऊ पुढे म्हणाला,

"गेल्या वेळी मामूंच्या पोस्टरला काळं फासलं. अम्मी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. विसरलीस?"

"विसरले असते तर उभी राहिले नसते."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर माझ्या नावानं पडेन. निवडून आले तर सभेत हजेरी कुणाची लावायची? आपल्या नर्सबाईंची?"

भावाला हसू आलं, ते त्यानं दाबलं.

छापखानेवाल्यानं आतून विचारलं, "ताई, काय ठरलं मग?"

"पूर्ण नाव टाका. वडिलांच्या नावासकट. ठळक."

छापखानेवाल्यानं अक्षरं जुळवून संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. भाऊ नाइलाजानं उठला, वाकून बघू लागला आणि एकदम करवादला, "अहो, हे काय? एवढं मोठं छापताय, तर आमच्या अब्बांचं नाव तरी नीट लिहा!"