गुरुवारची तारीख माझ्या नावाने रद्द झाली त्याबाबत

जबाब देणार : कुसै नायफ दरादके, वय २३, काम लग्नाच्या सभागृहात बुकिंग कारकून, राहणार इरबिद, जॉर्डन, विद्यापीठाच्या दक्षिण फाटकामागे.

मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी हज्जी रातिब यांच्या सभागृहात दोन वर्षे कामाला आहे. त्याआधी विद्यापीठात संगणक शिकत होतो, मध्येच सोडले. रनीम त्याच वर्गात होती. ती अजून शिकते. विषय वेबसाइटची सुरक्षा.

तिच्या लग्नासाठी हा गुरुवार मीच नोंदवला होता. नवरदेव कुवेतला असतो, सुट्टी अकरा दिवसांची.

आमच्या साइटवर लॉगिन करायचा आकडा हज्जींच्या फोनवर येतो. सारखा मागितला की ते चिडतात. म्हणून आम्ही सकाळी एकदाच लॉगिन करतो, दिवसभर साइटमधून बाहेर पडत नाही. बुकिंगला आलेल्यांनाही हे हसत सांगतो.

रविवारी ११.२० ला त्याच संगणकावर मला मेसेज आला. 'मेंदी कोणती चांगली ते सांग', खाली लिंक. मी उघडली. हातांचे फोटो होते. बराच वेळ पाहिले. त्या पानावर काही दाबले नाही. ११.२१ ला तिचे बुकिंग माझ्या नावाने रद्द झाले आणि तारीख प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला गेली.

दुपारी तिचा भाऊ मुतसिम आला. म्हणाला, "तुला मिळाली नाही म्हणून तिचं लग्न मोडतोस होय रे?" मी कॉफीचा ट्रे फेकला. ते माझे चुकले. हज्जी म्हणाले, "तू नाही दाबलंस, मग काय एखाद्या जिन्नाने दाबलं?"

पोलिसांच्या तांत्रिक शाखेच्या रुबाबाईंनी समजावले की, त्या पानात लपवलेल्या फॉर्मने माझ्याच ब्राउझरमधून 'रद्द करा' असे कळवले. मी आत आहे एवढेच साइटने पाहिले, हुकूम कुठून निघाला ते विचारले नाही. मला अर्धेच कळले.

चौकशीचे साहेब म्हणाले, मेसेज पाठवणाऱ्याचे नाव दे, सुटशील. नाहीतर गुन्हा तुझ्यावर. मी म्हणालो, "रनीमला यात ओढू नका." साहेब म्हणाले, "तिचं नाव मी काढलंच नव्हतं."

माझाच संगणक का निवडला, आपला माणूस म्हणून की गाढव म्हणून, हे कळत नाही. त्या मेसेजला मी उत्तर दिले होते, 'डावीकडची'.

लिहिलेले मला वाचून दाखवले. रनीमचे वाक्य खोडू द्या म्हणालो, दिले नाही. बाकी बरोबर आहे.