शुभेच्छुकांची ऊब

बारामतीच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीबाहेर, लेकीचा डबा मांडीवर घेऊन केसरबाई बसल्या होत्या. शेजारी जावई, माळेगावचा रविराज, कडक इस्त्रीत, आणि त्याची आई प्रयागबाई. आतून सिस्टर आल्या.

"बाळ दीड किलोचंच आहे. आईला ताप आहे. वडिलांनी शर्ट काढून त्याला छातीशी धरायचं, अंगाची ऊब लागते."

"गडीमाणूस पोर उबवत बसंल व्हय? लोकं हसत्याल!" प्रयागबाई म्हणाल्या.

"मग आजी, तुम्ही या."

"माझं गुडघं दुखत्यात, बाई."

"सिस्टर, मशीन लावा की. चौकात वीस फुटी फ्लेक्स लावलाय आमी, 'वाघाचं आगमन'!" रविराज म्हणाला.

"फ्लेक्सवर कोण कोण आहे?"

"मी, आबा, चुलतं, समदी मित्रमंडळी."

"आणि बाळाची आई?"

"बाईमाणसाचा फोटू चौकात कशाला?" प्रयागबाई फणकारल्या.

"बरं. मग त्यातला एखादा शुभेच्छुक पाठवा. अंघोळ केलेला असला म्हणजे झालं."

रविराजनं खरंच फोन लावला.

"ये की दवाखान्यात. न्हाय रं, फोटूला न्हाय. पोराला छातीशी धरायचंय. हॅलो? हॅलो?"

केसरबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

सिस्टरनी दार उघडं धरलं.

"चला, वाघाचे वडील. बटणं सोडा."