आदल्या दिवशीच्या शुभेच्छा

पनवेलच्या दवाखान्यात रांगेत ताटकळलेल्या परेशचे कान पुढे काउंटरवरच्या मुलीशी बोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे लागले.

"काय गो पोरी, वाढदिवस उद्या आन् तुमच्या दवाखान्याचा मेसेज आजच! घाई कुनाला, तुमाला का यमाला?"

"काका, कॉम्प्युटर जन्मतारीख रात्री बाराची धरतो. आमचा सर्वर परदेशी वेळेवर चालतो, तिथे तेव्हा आदलाच दिवस असतो. थांबा, दुरुस्त करायला सांगते."

"नको, नको! ऱ्हाऊ दे."

"अहो, तक्रार तुम्हीच केलीत ना?"

"मस्करी केली गो. आमाला मेसेज येतो तो येवढाच. आदल्या दिवशी आला, तर वाटतं, उद्या दुबईवरना पोराचा फोन येल."

"गेल्या वर्षी आला होता?"

"पुढच्याला बोलव गो, लाईन मोठी हाय."