अकरा शेवटच्या बागा

सिंचन कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक दीर-भावजय नकाशा उलगडून बसले होते.

"भाऊजी, सामाईक पाइप तुमच्या बागेतून माझ्या बागेत येतो ना?"

"येतो की."

"मग तुमची बाग शेवटची कशी?"

"वहिनी, आधी पाणी शेवटच्या बागेला देणार म्हणाले. म्हणून मी शेवटची लिहिली."

"अहो, मीही तेच लिहिलं!"

"सगळ्यांनीच लिहिलंय. अकरा बागा, अकराही शेवटच्या."

"अगंबाई! मग पाइप सुरू कुठून होतो?"

"तेच साहेबांना कळेना. बिचाऱ्यांनी तीनदा नकाशा फिरवून बघितला."

"आज मंजुरी नाही मिळाली तर योजना पलीकडच्या गावाला जाईल. माझी संत्र्याची रोपं आत्ताच माना टाकतायत हो."

"आणि माझी काय नाचतायत?"

खिडकीतून कारकून ओरडला, "पहिली बाग कोणाची? त्याने सही करावी, आत्ता मंजूर करतो!"

समोरच्या बाकांवरचे नऊ बागाईतदार एकदम छताचा पंखा बघू लागले.

"भाऊजी, उठा."

"छे छे, वहिनी. घरात मोठ्या तुम्ही. पहिला मान तुमचा."

"वाटणीच्या वेळी कुठं ठेवला होतात हा मान?"