कार्तिकातलं मत

१८६४ सालच्या हिवाळ्यात अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग काही केल्या जागची हलेना. अखबार वाचणारे गयासुद्दीन दलाल नत्थुजी पाटलांच्या गाडीला टेकून दुनियेच्या गोष्टी सांगत होते, आणि मागच्या गाडीवर बसलेली वेचणीवाली मैनाबाई कान टवकारून ऐकत होती.

"विलायतेत मत फक्त घरदारवाल्याले, पाटील. तरी काही जन जातच नाहीत. अन् अमेरिकेत लढाई पेटली, तरी लोक मुखिया निवडाले गेले!"

"कोन्त्या महिन्यात?"

"कार्तिकात."

"भर वेचणीत? तरीच! तिकडचा कापूस शेतातच राह्यला, म्हनून आपल्याले भाव आला."

"असंल बा."

मैनाबाईला राहवेना.

"मियाभाई, तिथं कापूस वेचते कोन?"

"गुलाम. बाया-मानसं, सारेच."

"त्याइले मत असते?"

"नाही."

"मंग वेचणी काहून थांबन, पाटील?"