पश्चिम काठावरची भोकं

मावशी : पुन्हा वाच. ते शेवटचं वाक्य.

भाची : तीनदा वाचलं ना.

मावशी : चौथ्यांदा वाच. माझ्या कानांचा काही भरवसा नाही.

भाची : "खाऱ्या तळ्याच्या पश्चिम काठावर उल्लेखनीय कीटकजीवन आढळले नाही."

मावशी : आणि खाली सही कुणाची?

भाची : माझी. सर्वेक्षण माझ्याकडे होतं, मग सही दुसऱ्या कुणाची असणार? मावशी, तू आधी बस बघू.

मावशी : एकतीस वर्षं मी त्या काठावर किडे गोळा केले. तुला हात धरून तिथे नेलं. आणि तू लिहितेस, काही नाही! गेलीस कधी तिथे?

भाची : उन्हाळ्यात. पाच दिवस. तारखा काही मी ठरवत नाही.

मावशी : उन्हाळ्यात! वाघभुंगेरा पाऊस पडल्यावर बाहेर येतो, तोही पाच-सहा आठवडे. हे तुला मी सांगायचं? बाकीचं वर्षभर त्याची अळी मिठाच्या पापुद्र्याखाली भोकात बसलेली असते. भोकं दिसली नाहीत तुला?

भाची : दिसली.

मावशी : किती?

भाची : खूप. पावलागणिक. पण भोकांसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. अळी हातात असली तरच नाव लिहिता येतं.

मावशी : मग काढायची! गवताची काडी भोकात सोडायची, अळी जबड्यात धरते, की झटकन वर. तू तर माझ्यापेक्षा पटापट काढायचीस.

भाची : त्यासाठी पालथं पडावं लागतं.

मावशी : मग?

भाची : चार साहेब मागे उभे होते. इस्त्रीच्या कपड्यांत. ज्यांना तिथे गोदामं बांधायचीत ते दोघे, आणि आमच्या खात्याचे दोघे. त्यांच्यापुढे मी चिखलात पोटावर लोळू? आधीच मला "माशीबाई" म्हणतात.

मावशी : मग काय केलंस?

भाची : उभ्या उभ्या जाळं फिरवलं. भर दुपारी. चार माश्या आल्या.

मावशी : शाबास! लाज राखलीस हो. सोमवारी गोदामांच्या परवानगीची सुनावणी, मंगळवारी रोलर फिरेल. एका सकाळीत सगळी भोकं बुजतील. त्या अळीला दोन वर्षं लागतात मोठी व्हायला, आणि या खाऱ्या चिखलाबाहेर ती कुठे जगत नाही. पण तुझे कपडे स्वच्छ राहिले!

भाची : झालं बोलून? आता माझं ऐक. मी तुझ्या जुन्या संग्रहालयात गेले होते. म्हटलं, जुनी नोंद सापडली तर तिच्या आधारावर तरी लिहीन. सगळे खण उघडले. त्या तळ्याचा एक किडा नाही. एकतीस वर्षांतला एकही नाही! कुठे गेले ते?

मावशी : तुला माहीत आहे कुठे आहेत ते.

भाची : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मावशी : आतल्या खोलीत. पलंगाखाली.

भाची : किती पेट्या?

मावशी : सतरा. संग्रहालयाच्या त्या प्रमुखाने, त्या माणसाने माझी लेबलं खरवडली गं! किडा मी पकडायचा, टाचणी मी लावायची, आणि "संग्राहक" म्हणून नाव त्याचं. निवृत्त झाले त्या दिवशी टेम्पो केला आणि सगळ्या पेट्या घरी आणल्या.

भाची : तो माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, मावशी! नऊ वर्षं तू पलंगावर झोपलीस आणि तळं खाली डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलं. कागदावर त्या काठावर कधी काही नव्हतंच. मी एकटीने नाही लिहिलं ते वाक्य.

(मावशी उठून आत जाते. आतून पेट्या सरकवल्याचा आवाज.)

मावशी : ही घे. बारावी पेटी. वाघभुंगेरे हिच्यात आहेत. तारीख, काठ, सगळं लिहिलंय. एकाची तंगडी तुटलीय, सांभाळून.

भाची : नुसत्या जुन्या पेट्या पुरणार नाहीत. म्हणतील, तेव्हा होते, आता नाहीत. आजची अळी लागेल. आणि माझा अहवाल चुकला, असं मलाच लिहून द्यावं लागेल.

मावशी : देशील?

भाची : शाई आहे पेनात. मावशी, पण आज शनिवार. काठावर त्यांची माणसं खुंट्या ठोकताहेत. दहा-बारा जण तरी असतील.

मावशी : असू देत. वाटेत गवत उपट, ओलं. वाळली काडी ती धरत नाही. आणि माझी काठी दे इकडे.

भाची : तू कशाला? तुझे गुडघे बघ. पालथी पडलीस तर उचलायला क्रेन मागवावी लागेल.

मावशी : मी नाही पडत. तू पालथी पड. बघणाऱ्यांकडे मी बघते.