सहाव्या मजल्यावरची उपवर

समरकंदच्या दातांच्या दवाखान्यात शौकत सुजलेला गाल धरून बसला होता. त्याच्या पुढे दोनच बायका, दोघी साठीच्या, नुकतीच ओळख झालेल्या.

“दाताचं सोड, मुक्कदम. मला घोर लागलाय भोपळ्याचा. बाल्कनीत बादलीत लावलाय. आज पहिलं मादी फूल उमललं.”

“मग चांगलंच की, होसियतआपा.”

“डोंबलाचं चांगलं. नर फूल एक नाही आणि सहाव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नाही. दुपारी फूल मिटलं की पोरगी कुवारच राहायची.”

“अगं बाई. माझ्या अंगणात नर फुलं पन्नास आहेत, नुसती उंडारतात.”

“घराणं कुठलं?”

“सामोशात घालतात तो गोड भोपळा. तीन पिढ्या आमच्याच मातीतला.”

“आमच्याकडे माती बादलीभरच आहे हो.”

“आम्हाला हुंडा नको. पहिला भोपळा मात्र निम्मा आमचा.”

“निम्मा? मुलाकडचे ते मुलाकडचेच.”

“बियांसकट.”

“बरं, ठरलं. पुढे काय करायचं?”

“नराच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पराग तिच्या मधोमध चोळायचा. पण अकराच्या आत. आणि माझं घर बसनं पाऊण तास.”

“आत्ताच दहा वाजलेत, बाई.”

दार उघडून नर्स म्हणाली, “होसियतआपा, या आत.”

“आपा, तीन आठवड्यांनी नंबर लागलाय तुमचा,” मुक्कदम म्हणाली.

“दात काय पळून जातोय? चल ऊठ.”

दोघी जिन्याकडे निघाल्या. नर्सनं शौकतकडे पाहिलं. त्यानं गालावरचा हात काढून खिशातली किल्ली चाचपली आणि जिन्याकडे धाव घेतली.

“खाला, थांबा. वरातीला गाडी लागेल ना?”